गिब रिव्हर रोड

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातला, डर्बी या बंदरगावापासून पूर्वेला कुनुनुरा-विंडॅम फाट्यापर्यंत जाणारा सुमारे 660 किमी लांबीचा रस्ता. दोन्ही टोकांकडचे काही भाग डांबरी आहेत, मधला बहुतेक रस्ता लाल माती आणि खडीचा. किंबर्ली महाराष्ट्राहून मोठा आहे, पण वस्ती फारच विरळ. कॅराव्हॅन (गाडीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे घर) घेऊन निघालेल्या प्रवाशाला इथे तासन् तास फक्त गवत, लाल डोंगर आणि फुगीर बुंध्याची बोआबची झाडे दिसतात. बोआब ही आपल्याकडच्या गोरखचिंचेच्याच कुळातली.

गिब नदीवरून रस्त्याला हे नाव पडले. गुरांच्या वाड्यांवरून जनावरे ट्रकने बंदरांकडे नेता यावीत म्हणून 1960 च्या दशकात तो बांधला गेला. प्रवासी नंतर येऊ लागले. आजही गुरांचे लांबलचक ट्रक समोरून येतात. तेव्हा गाडी कडेला घेऊन धूळ बसेपर्यंत थांबणे हेच शहाणपण.

साधी कॅराव्हॅन इथे आणू नये. वाहतुकीमुळे रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो आणि त्या आडव्या लाटांवर कपाटांचे स्क्रू सैल होतात, पाण्याच्या टाक्यांचे पट्टे तुटतात. जाड चासी, उंच चाके आणि मजबूत सस्पेन्शन असलेली ऑफ-रोड कॅराव्हॅनच इथे टिकते. खडी सुरू झाली की गाडी आणि कॅराव्हॅन दोन्हींच्या टायरमधली हवा कमी करतात आणि वेग उतरवतात. दोन जादा चाके बरोबर असलेली बरी. इंधन इमिंत्जी, माउंट बार्नेट अशा मोजक्याच ठिकाणी मिळते.

पण इथले खरे वैभव रस्त्यावरून दिसत नाही. ते फाट्यांच्या आत, घळयांमध्ये आहे आणि शेवटचा टप्पा पायीच जावा लागतो. पश्चिमेकडची विंजाना घळई (इथल्या मूळ रहिवासी बुनुबा लोकांची बांदिलंगन) ही डेव्होनियन काळात, सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी, समुद्राखाली वाढलेल्या प्रवाळभित्तीतून लेनर्ड नदीने कोरलेली आहे. चुनखडीचे काळपट कडे 100 मीटरपर्यंत चढतात आणि त्यांत जुन्या सागरी जीवांचे अवशेष दिसतात. कोरड्या ऋतूत उरलेल्या डबक्यांच्या काठी गोड्या पाण्यातल्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, आपणही जाऊ नये.

जवळच्या टनेल क्रीकमध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे 750 मीटर चालत जाता येते. टॉर्च हवाच, पाणी कधी घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत. ही केवळ निसर्गाची गंमत नाही. बुनुबांचा योद्धा जंदामारा गोऱ्या वसाहतवाल्यांविरुद्ध 1894 पासून लढला, त्याच्या लपण्याच्या जागांपैकी ही एक, आणि 1897 मध्ये तो इथेच मारला गेला. हे ठाऊक नसताना गुहा पाहणे म्हणजे अर्धीच पाहणे.

पुढे बेल घळईचा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा धबधबा आहे. मॅनिंग घळईला जायला माउंट बार्नेटजवळच्या तळावरून आधी नदी ओलांडायची. दोरीने ओढायची छोटी होडी तिथे ठेवलेली असते, किंवा पोहून जायचे. मग तासाभराची तापलेल्या खडकांवरची चाल, आणि त्यानंतर धबधब्याखालचा डोह. पूर्वेकडे एल क्वेस्ट्रोच्या परिसरात एमा घळई आणि ताडवृक्षांच्या सावलीतले झेबेडी हे ऊन पाण्याचे झरे आहेत. आठवडाभरात सगळा रस्ता उरकणाऱ्यांच्या हाती धुळीखेरीज फारसे लागत नाही. किमान दोन आठवडे द्यावेत.

नदीत गाडी घालण्याआधी पायी उतरून खोली पाहायची, ही अशा प्रवासातली नेहमीची रीत. पेंटेकोस्ट नदीवर मात्र ती मोडावी लागते. तिथे खाऱ्या पाण्यातल्या, माणसावर हल्ला करणाऱ्या मगरी आहेत. काठावर थांबून समोरून येणारी गाडी कुठून आणि किती खोल जाते ते बघायचे, मग हळू, न थांबता पार व्हायचे. पलीकडे कॉकबर्न डोंगररांग उभी असते. संध्याकाळी ती तांबूस होते तेव्हा बहुतेक गाड्या आपोआप थांबतात.

साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. तेव्हा नद्या फुगतात आणि रस्ता बंद होतो. मे ते ऑक्टोबर हा प्रवासाचा काळ, त्यातही जून-जुलै उत्तम: धबधब्यांना पाणी असते आणि उकाडा सोसवतो. सप्टेंबरनंतर अनेक धबधबे आटतात.

उत्तरेला कालुंबुरू रस्त्याने मिचेल पठारावरच्या चार टप्प्यांच्या धबधब्याकडे जाता येते. ती वाट इतकी खडबडीत आहे की बरेच जण कॅराव्हॅन ड्राइसडेल रिव्हर स्टेशन या गुरांच्या वाडीवर ठेवून तंबू घेऊन पुढे जातात. या भागातल्या खडकांच्या आडोशाला वांजिनांची चित्रे आहेत: मोठे डोळे, डोक्याभोवती वलय, तोंड नाही. मूळ रहिवाशांसाठी ती पाऊस आणणारी पूर्वज-दैवते आहेत आणि ही श्रद्धा आजही जिवंत आहे. म्हणून चित्रांना हात लावायचा नाही, आणि जिथे परवाना लागतो तिथे तो निघण्याआधीच काढायचा.