मध्यस्थीतलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही

'मध्यस्थासमोर जरा नमतं घेतलं, की ते न्यायाधीशांच्या कानावर जातं आणि केस हातची जाते', हा समज कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं: तडजोड झाली, तर मध्यस्थाने फक्त सह्या झालेला करार कोर्टाकडे पाठवायचा, बोलणी फिसकटली, तर 'मध्यस्थी अयशस्वी' एवढंच कळवायचं. कोण काय म्हणालं, कुणी किती रक्कम देऊ केली, यातलं अक्षरही नाही. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात याचं मोल फार मोठं, कारण खरं दुखणं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी बोलून दाखवत नाही. शिवाय मध्यस्थ निकाल देत नाही. सही करायची की नाही, हे पक्षकारच ठरवतात.