हुकुमचंद मिलच्या जमिनीखाली काय आहे

इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. त्यानंतरची तीन दशकं चर्चा दोनच गोष्टींची होती: ५,८९५ कामगारांची थकबाकी आणि साडेबेचाळीस एकर जमिनीचा मालक कोण. २५ डिसेंबर २०२३ रोजी कामगारांच्या २२४ कोटींचा प्रश्न सुटला आणि जमीन गृहनिर्माण मंडळामार्फत विकसित करायचं ठरलं. मधल्या काळात तिथे दाट झाडी उगवली आणि ती तोडायला शहरातून विरोध झाला. हा विरोध रास्तच आहे. पण झाडं निदान दिसतात. मातीच्या आतलं आणि आजूबाजूच्या वाहिन्यांचं कोणी सहसा विचारत नाही. मुंबईतही १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला, गिरण्यांच्या जमिनींबाबतचा नियम ५८ आणि त्याची २००१ ची दुरुस्ती यांवर वर्षानुवर्षं भांडण झालं, तेही जमिनीच्या वाटणीचं.

गिरण्या वसल्या तेव्हा त्या शहरावर फारशा अवलंबून नव्हत्या. विहिरी, बॉयलर, कोळशाचं आवार, वीजघर, सगळं कुंपणाच्या आत असे आणि रंगखात्याचं पाणी जवळच्या नाल्यात जाई. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दोन खंडांचा नगररचना अहवाल दिला. शहराच्या नद्या-नाले स्वच्छ ठेवण्यावर त्यांचा भर होता. मात्र गिरण्यांच्या सांडपाण्याला देशव्यापी कायद्याचा लगाम बसला तो १९७४ मध्ये, जलप्रदूषण कायद्याने. तोवरच्या कित्येक दशकांचा हिशोब मातीतच राहिला.

शहराच्या वाहिन्या गिरणीला वळसा घालून गेल्या. गंभीर नदीवरचं यशवंत सागर १९३९ चं. जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून नर्मदेचं पाणी आलं १९७८ मध्ये. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगरकडच्या वस्त्यांना जोडण्या मिळाल्या त्या तिथल्या लोकसंख्येच्या मापाने. गिरणीच्या जागी कधी हजारो बिऱ्हाडं येतील, हे त्या गणितात नव्हतं.

आजचं गणित मांडून पाहा. समजा २,००० सदनिका, म्हणजे १०,००० माणसं. माणशी १३५ लिटर धरलं तर रोज साडेतेरा लाख लिटर पाणी लागेल, आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरलं तर ते होतं १०.८ लाख लिटर. सरासरी सेकंदाला साडेबारा लिटर. पण सकाळी सगळे एकाच वेळी नळ सोडतात, म्हणून तिप्पट धरतात: साडेसदतीस लिटर. १:२०० उताराची २०० मिलिमीटरची वाहिनी काठोकाठ भरून वाहिली तरी सेकंदाला जेमतेम २३ लिटर नेते. अशा गल्लीतल्या वाहिनीला नवं संकुल जोडलं, की मैला खालच्या घरांच्या चेंबरमधून वर येतो. तक्रार मात्र येते जुन्या वस्तीतून, म्हणून दोषही तिलाच लागतो. नाल्यात सोडायची वाट आता बंद आहे: शहरातल्या कान्ह आणि सरस्वती नद्यांना मिळणारी सांडपाण्याची तोंडं अडवली, म्हणून तर २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर (म्हणजे प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदी-नाल्यात न सोडणारं) ठरवलं गेलं.

पावसाचं गणित याहून वाईट. ४२.५ एकर म्हणजे १७.२ हेक्टर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि झाडी असताना त्यातला ३० टक्के वाहून गेला, तर तासाला सुमारे २,५८० घनमीटर पाणी बाहेर पडतं. सिमेंट-डांबराने हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, की ६,८८० घनमीटर.

आता माती. कापडगिरणीत काय वापरत, ते ठाऊक आहे: रंग पक्का करायला क्रोमियमचे आणि तांब्याचे क्षार, गंधकी रंगांसाठी सोडियम सल्फाइड, खळीला बुरशी लागू नये म्हणून झिंक क्लोराइड. शिवाय कोळशाची राख, भट्टीचं तेल, छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात कधीकधी पीसीबी हे विषारी रसायन. म्हणून पहिलं काम यंत्र लावण्याचं नाही, जुना नकाशा मिळवण्याचं. रंगखातं, बॉयलर, तेलाची टाकी, ट्रान्सफॉर्मर आणि बुजवलेल्या विहिरी त्यावर खुणा करून तिथेच चाचणीखड्डे घ्यायचे. नमुना अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर आणि पुढे मुरूम लागेपर्यंत. भराव आणि मूळची काळी माती वेगवेगळ्या पिशव्यांत. दहा ठिकाणची माती कालवून एकच नमुना पाठवला, तर खर्च वाचतो आणि विषारी ठिकाण सरासरीत लपून जातं. ही युक्ती नेहमीची आहे.

काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली, झिजलेल्या बेसॉल्टच्या सांध्यांत उतरतं. त्यामुळे वरचा मातीचा नमुना स्वच्छ आला म्हणून भूजलही स्वच्छ, असं धरता येत नाही. उताराच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला दोन बोअर घेऊन पावसाळ्याआधी व नंतर पाणी तपासावं लागतं. हीच फुगणारी माती पाइपांचे सांधेही उखडते. पाण्याची आणि मैल्याची वाहिनी एका चरात टाकली असेल, तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडायचे नाहीत. आधी भिजवायचे, बोल्ट सोडून अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. मग ते घातक कचऱ्याच्या ठिकाणी जातात, म्हणजे इथून पीथमपूरला. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा चाळीस वर्षं पडून राहून २०२५ मध्ये तिथेच आणावा लागला, हे इंदूरकर विसरलेले नाहीत.

२०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. प्रदूषित जागांसाठीचे वेगळे नियम मात्र जुलै २०२५ मध्ये आले. तोवर मातीची तपासणी बहुधा पायाच्या भारवहनक्षमतेपुरतीच होई, कारण अभियंत्याला तेवढंच हवं असे.

याच गोंधळात एक चांगली सवय उलटते. पावसाचं पाणी जिरवण्याची अट असते, म्हणून कंत्राटदार मोकळ्या कोपऱ्यात शोषखड्डा खणतो. तो कोपरा जुन्या रंगखात्याचा निघाला, तर दर पावसाळ्यात स्वच्छ पाणी क्रोमियम धुऊन भूजलात नेतं. अशा जागी छताचं पाणी टाकीत साठवून बागेला वापरावं. जिरवायचंच असेल तर जिथला भराव पूर्ण काढलाय आणि खालचे नमुने स्वच्छ आलेत, फक्त तिथेच.