दाखवून टाकलं की मूल शोधायचं थांबतं

मुलांच्या क्रिएटिव्हिटीसाठी शाळेत काय करता असं विचारलं की बहुतेक वेळा चित्रकलेचा तास आणि एखादी स्पर्धा एवढंच पुढे येतं. मला वाटतं खरी गोष्ट घडते ती गणित-विज्ञानाच्या साध्या तासात, मोठं माणूस मुलाशी कसं वागतं त्या दोन-चार मिनिटांत, आणि यावर चक्क प्रयोग झालेत.

२०११ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक मुद्दाम बनवलेलं विचित्र खेळणं दिलं. नुसत्या नळ्या जोडलेल्या, एक ओढली की चूं असा आवाज, दुसरीकडे दिवा लागायचा, कुठे सूर वाजायचे, एका नळीत आरसा लपवलेला. काही मुलांना नीट सांगितलं की हे कसं चालतं ते दाखवते, बघ, आणि फक्त चूं आवाज करून दाखवला. काहींना तेवढंच दाखवलं पण दाखवणारी बाई मधेच काम आठवल्यासारखी उठून गेली. काहींसमोर आवाज जणू चुकून झाला, तर काहींना काहीच न दाखवता खेळणं हातात दिलं. नीट शिकवलेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ खेळली आणि त्यांना बाकीच्या करामती कमी सापडल्या!

मजा म्हणजे यात मुलांचं काही चुकलं नाही. या बाईंना सगळं माहितीये, त्यांनी एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आत एकच गोष्ट असणार, असा सरळ हिशोब. बाई मधेच उठून गेल्या तिथे मात्र अजून काहीतरी राहिलंय असा संशय उरतो, मग हात चालू राहतात.

आता यावरून शिकवूच नका असा अर्थ काढणारेही भेटतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्या मुलाला बेरीजच येत नाही ते बेरजेशी खेळणार कसं? शिकवायचंच, फक्त "एवढंच आहे" असा भास होऊ द्यायचा नाही.

बक्षिसाचंही तसंच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी ज्यांना चित्र काढायला मनापासून आवडतं अशी ३ ते ५ वर्षांची मुलं निवडली आणि काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवले तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना काही न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं होतं त्यांची आवड मात्र शाबूत होती, म्हणजे घोळ बक्षिसात नाही, "बक्षिसासाठी कर" यात आहे.

आणि वेगळेपणाचं काय? वेगळा विचार मोजायच्या टेस्टमध्ये विटेचे किती उपयोग सुचतात असले प्रश्न असतात आणि तिथे जे उत्तर फार थोड्यांना सुचतं त्याला जास्त मार्क. वर्गात नेमकं उलटं होतं, असं उत्तर आलं की पोरं हसतात आणि सर "पुढे कोण सांगेल" म्हणून मोकळे होतात, मग ते मूल पुढच्या वेळी हात वर करेल कशाला!

यातली सगळ्यात स्वस्त सुधारणा विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात असं त्यांना रेकॉर्डिंगमधून दिसलं. तेच ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले. यात मुलाचं बोलून झाल्यानंतरचे ३ सेकंदही येतात, लगेच "शाब्बास" न म्हणता, कारण शाब्बास ऐकलं की बाकीच्यांचा शोध तिथेच संपतो, आणि खूपदा तेच मूल त्या शांततेत "किंवा असंही असेल का" म्हणून पुढचं बोलतं.