तोंडावाटेची दुर्बीण आणि बेंबीतली दुर्बीण

परवा तासगावकडच्या एक मावशी ओपीडीबाहेर भेटल्या. हातात चिठ्ठी. “दादा, डॉक्टरांनी दुर्बीण सांगितलीय. हितली फोर-के हाय न्हवं? नातू म्हणतोय, तसली असंल तरच कर.” चिठ्ठी पाहिली. जठराची तपासणी लिहिली होती. फोर-के म्हणजे जास्त बारीक चित्र देणारा कॅमेरा आणि पडदा. म्हणजे फोर-केचा प्रश्न जिथे कमी महत्त्वाचा, तिथेच तो विचारला जात होता, आणि त्यापायी मावशींची तपासणी आठवडाभर लांबली होती.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आज जत-आटपाडीपासून अथणीपर्यंतचे पेशंट इथे उतरतात आणि ‘दुर्बीण’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. मी ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेरा जोडायचं काम करतो, म्हणून हा घोळ रोज पाहतो.

तोंडावाटे जाते ती दुर्बीण लवचीक असते, जाडीला जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर. तेवढ्याच टोकात उजेड हवा, पाण्याचा फवारा हवा, तुकडा घेण्याच्या चिमट्यासाठी सुमारे २.८ मिलिमीटरची वाट हवी, आणि उरल्या जागेत कॅमेऱ्याची चिप. चिप अर्थातच इवलीशी. मॉनिटर फोर-के असला तरी चिपने जे टिपलंच नाही, ते पडद्यावर येणार कुठून?

ऑपरेशनच्या वेळी बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात जाते ती मात्र कडक सळई, १० किंवा ५ मिलिमीटरची. आत काचेच्या दांड्यांसारखी भिंगं एकामागे एक बसवलेली असतात. ही रचना हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाची, १९५९ची. त्याआधी १९५४ साली याच हॉपकिन्सने आपल्या पंजाबातल्या नरिंदरसिंग कपानींबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं, आणि त्यातून लवचीक दुर्बीण पुढे आली. दोन्ही वाटा एकाच माणसापाशी जातात. फरक असा, की कडक दुर्बिणीत भिंगं चित्र पोटाबाहेर आणतात आणि कॅमेरा असिस्टंटच्या मुठीत असतो. तिथे जागेची अडचण नाही. म्हणून फोर-केचा खरा उपयोग इथे.

फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे साधारण २१ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. चौपट. शिवाय या यंत्रणांमध्ये बहुधा रंगांचा पल्लाही मोठा असतो. पोटात सगळंच लालसर-पिवळं असताना हे फार मोलाचं. पित्ताशय काढताना सर्जनला दोनच गोष्टी कापायच्या असतात: पित्ताशयाची नळी आणि त्याची धमनी. शेजारीच मुख्य पित्तनलिका असते. ती चुकून कापली गेली, तर पेशंटला आयुष्यभराचा त्रास लागू शकतो. चरबीचा पातळ पापुद्रा बाजूला सरकतो, मागे धमनीची बारीक उडी दिसते, नळीवर केसासारख्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. चांगल्या फोर-केवर ती जाळी सुटी सुटी दिसते. माझ्या मते हा फायदा दिखाऊ नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडियांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

पण नुसता कॅमेरा नवा घेऊन भागत नाही. भिंग, कॅमेरा, प्रोसेसर, केबल, मॉनिटर यांतला एक दुवा जुना असला, की चित्र त्याच्या पातळीवर येतं. लाइट केबलमधले तंतू तुटलेले असले तर ८३ लाख ठिपके अंधारच दाखवतात. भिंगावर वाफ धरली तरी तेच, म्हणून आम्ही दुर्बिणीचं टोक आधी गरम सलाइनमध्ये बुडवून ठेवतो. अंतराचाही हिशेब आहे. ३२ इंची पडद्यापासून सव्वा मीटरच्या पलीकडे उभं राहिलं, तर फुल एचडीचेच ठिपके साध्या डोळ्याला वेगळे दिसेनासे होतात, मग फोर-केचे कुठले दिसणार? त्यासाठी ५५ इंची पडदा हवा, किंवा तो जवळ घ्यायला हवा. आणि चित्रातली खोली, म्हणजे काय पुढे नि काय मागे, ती फोर-के देत नाही. त्याला दोन डोळ्यांची थ्री-डी दुर्बीण लागते.

जठराच्या तपासणीत महत्त्वाचं काय? चांगली एचडी दुर्बीण, घाई न करणारा डॉक्टर आणि रिकामं, स्वच्छ जठर. अन्नाचा थर असला तर त्याखालचा बारीक व्रण कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याहून कामाचा असतो खास प्रकाश. बऱ्याच दुर्बिणींत बटण दाबलं की ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा उजेड पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे अस्तराच्या वरच्या बारीक रक्तवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. त्यांची नक्षी बिघडलेली दिसली, की डॉक्टर नेमका तिथलाच तुकडा घेतात.

मावशींना एवढंच सांगितलं, “रात्री आठला जेवा, मग काही खाऊ नका. सकाळचा चहासुद्धा नाही. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.” दुसऱ्या दिवशी साडेआठला त्या नातवाला घेऊन हजर. चहा घेतला नव्हता. नातवानेही घेतला नव्हता, आजीसोबत म्हणून.