पाणी अडवताना गाळाचे काय? कोल्हापूर बंधाऱ्यामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला की बोलणे मीटरमध्ये होते, कारण या धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे मागे तुंबणाऱ्या पाण्याने, इथला पूर वाढतो असा नदीकाठच्या अनेकांचा आरोप आहे. धरणाची आजची पातळी 519.60 मीटर, आणि कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार लवादाने 2010 साली मान्य केलेली 524.256 मीटर. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर अंगावर घेतलेल्या करवीर-शिरोळच्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असणे स्वाभाविक आहे. मात्र नदी पाण्याबरोबर जो गाळ वाहून आणते, त्याचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. ज्या जिल्ह्याचे नाव एका बंधारा पद्धतीला मिळाले, त्या जिल्ह्यात तरी तो व्हायला हवा होता. कारण त्या पद्धतीत पुराला आणि गाळाला वाट ठेवूनच पाणी अडवले जाते.

गगनबावड्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो आणि तोच शिरोळपर्यंत पोहोचताना जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. हा पाऊसही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन बनलेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि वर्षभरातला बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या गढूळ लोंढ्यांतूनच जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने नेमके हे वेळापत्रक ओळखले. पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करायचे, पावसाळ्यात मधले गाळे मोकळे ठेवायचे, आणि पूर ओसरून पाणी निवळले की गाळ्यांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्या, घालून ते अडवायचे. पूर्वी लाकडी बर्ग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या पोकळीत माती ठासत असत. (बंधाऱ्यातल्या मोकळ्या जागेला ‘गाळा’ म्हणतात आणि तिच्यातून जातो तो ‘गाळ’, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्यासारखा आहे.) उन्हाळ्यात अशा बंधाऱ्यांमुळे नदी म्हणजे एकापुढे एक तळ्यांची माळ होते, आणि काठावरच्या पंपांवर ऊस उभा राहतो.

हीच युक्ती इतरत्र फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती. नाईल नदीवर 1902 साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या पहिल्या धरणाला तळाशी 180 दारे होती. पुराचे गढूळ पाणी या दारांतून तसेच पुढे सोडले जाई आणि हंगाम सरत आल्यावर आलेले स्वच्छ पाणी साठवले जाई. या धरणाची कल्पना मांडणारे अभियंते विल्यम विलकॉक्स रुरकीत जन्मलेले होते. पुढे 1930 च्या आसपास त्यांनी बंगालच्या जुन्या सिंचनाविषयी व्याख्याने दिली आणि पुराचे गाळयुक्त पाणी शेतात शिरू देणारी तिथली रीत बांधबंदिस्तीमुळे मोडल्याबद्दल कडक टीका केली. आस्वानला 1970 साली उंच धरण पूर्ण झाले, गाळ अडला, आणि नाईलच्या मुखाकडचा किनारा झिजण्याचा वेग वाढला. चीनमध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणाचा जलाशय 1960 साली भरू लागला आणि काही वर्षांतच गाळाने इतका व्यापला की तळातून नवे बोगदे काढावे लागले. त्यानंतर तिथे ‘स्वच्छ पाणी साठवा, गढूळ सोडा’ हे धोरण ठरले. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

कृष्णा खोऱ्याची पुढची वाट मात्र वेगळी गेली. ब्रिजेशकुमार यांच्या आधीच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्राला 800 टीएमसी (अब्ज घनफूट) अशी 2,060 टीएमसीची वाटणी केली. वाटणी पाण्याची होती, गाळाची नव्हे, आणि गाळाचा हिशेब जलाशयांच्या तळाशी साचत गेला. तुंगभद्रा धरणाची मूळची सुमारे 132 टीएमसी क्षमता आता 106 च्या आसपास उरली आहे. खाली, नागार्जुनसागर आणि श्रीशैलम झाल्यानंतर समुद्राला पोहोचणारा गाळ बराच घटला, आणि हजारो वर्षे पुढे सरकत आलेला कृष्णेचा त्रिभुज प्रदेश काही ठिकाणी मागे हटू लागला.

जलाशयाच्या शेपटाकडेही गाळाचे काम चालू असते. वाहते पाणी साठलेल्या पाण्याला जिथे टेकते तिथे त्याचा वेग मरतो, जाडी वाळू आधी खाली बसते, पात्र उचलले जाते, आणि भिंतीजवळची पातळी तीच राहिली तरी फुगवटा कालांतराने वरच्या बाजूला सरकू शकतो. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, आणि नदीकाठच्या अनेकांना ते अजूनही पटलेले नाही. या वादात पातळीच्या आकड्याबरोबर दर काही वर्षांनी मोजलेले पात्राचे छेदही मांडले गेले, तर निदान बोलणे तरी मोजमापावर येईल.

जिल्ह्यातही गाळाचे दोन चेहरे दिसतात. नदीकाठच्या मळीच्या जमिनीला कस देणारा पोयटा हाच वीटभट्ट्यांचा कच्चा माल आहे, तर पाणी सोडवत नाही म्हणून पहिला लोंढा येईपर्यंत बर्गे तसेच राहिले की तो गाळ बंधाऱ्याच्या पाठीशी बसतो आणि पुराचा दाब खांबांवर येतो. तलाव-धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्यासाठी 2017 साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. यंत्राने उपसून गाडीने वाहायचा हा मार्ग लहान तलावांपुरता ठीक आहे. बंधाऱ्याच्या बाबतीत मात्र हेच काम नदी फुकट करते. बर्गे तेवढे मृगाच्या आधी निघालेले असावे लागतात.