मार्केट ड्रेटन : सनदेने मिळालेला बुधवार

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यात, टर्न नदीच्या काठी मार्केट ड्रेटन हे लहानसे बाजाराचे गाव आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा हजारही भरली नाही. आपल्याकडे या गावाचे नाव निघालेच तर ते रॉबर्ट क्लाइव्हमुळे निघते. मात्र गावाला आकार देणारी घटना क्लाइव्हच्या जन्माआधी जवळजवळ पाचशे वर्षे घडून गेली होती, आणि ती घटना म्हणजे बाजाराची सनद.

१०८६ साली विल्यम राजाने करवलेल्या जमिनीच्या पाहणीत ड्रेटनची नोंद सापडते. पुढे १२४५ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाने येथे दर बुधवारी बाजार भरवण्याची सनद दिली. ती गावकऱ्यांच्या नव्हे, तर गावाची मालकी असलेल्या कॉम्बरमिअरच्या मठाच्या हाती पडली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चार माणसे माल घेऊन एके जागी बसली म्हणजे बाजार झाला, असे होत नसे. बाजार भरवणे हा राजाने द्यायचा हक्क होता आणि ज्याला तो मिळे त्याला विक्रेत्यांकडून पट्टी वसूल करता येत असे. प्रार्थनेसाठी जगापासून दूर राहण्याचे व्रत घेतलेल्या सिस्टर्शियन साधूंना बाजाराच्या उत्पन्नात एवढा रस असावा, याचे आज नवल वाटते. पण त्या काळचे मठ मोठे जमीनदार होते आणि मेंढ्यांच्या लोकरीच्या व्यापारात मुरलेले होते.

हा हक्क शेजाऱ्यांपासून जपावाही लागे. तेराव्या शतकातील कायदेपंडित ब्रॅक्टन याने दोन बाजारांत किमान सहा मैल आणि वर दोन तृतीयांश मैल एवढे अंतर असावे, असे लिहून ठेवले आहे. त्यामागचा हिशेब साधा होता. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्या दिवसाचा एक भाग जाण्यात, एक खरेदी-विक्रीत आणि एक घरी परतण्यात जावा. इंग्लंडच्या नकाशावर बाजाराची गावे इतकी जवळजवळ का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या पायी चालण्याच्या हिशेबात आहे. बाजारातील तंटे तिथल्या तिथे मिटवण्यासाठी वेगळी न्यायालयेही असत. त्यांच्या नावाचा मूळ अर्थ 'धुळीने माखलेल्या पायांचे न्यायालय' असा होता, कारण वादी-प्रतिवादी बहुधा वाटसरू व्यापारीच असत.

आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडमधील मठ बरखास्त झाले. १५३८ मध्ये कॉम्बरमिअरचा मठही गेला, बाजार मात्र राहिला. लंडनचे महापौरपद भूषवलेले सर रोलंड हिल यांनी १५५५ मध्ये गावात ग्रामर स्कूल काढले. पुढच्या शतकात, १६५१ साली, एका बेकरीत लागलेली आग लाकडी घरांच्या रांगांतून पसरत गेली आणि जवळजवळ सत्तर टक्के गाव जळाले. आज जुन्या बाजारपेठेत दिसणारी काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरे 'मध्ययुगीन' म्हणून दाखवली जात असली, तरी त्यांतील बरीचशी या आगीनंतर उभी राहिली आहेत.

क्लाइव्हचा जन्म १७२५ मध्ये जवळच्या स्टायच येथे झाला आणि काही काळ तो याच ग्रामर स्कूलमध्ये शिकला. तो सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसला होता आणि पोरांची टोळी जमवून दुकानदारांकडून खंडणी उकळत होता, अशा गोष्टी गावात अजून सांगितल्या जातात. त्या कितपत खऱ्या ते असो. बंगालमधील त्याची पुढची कारकीर्द पाहता त्या रचाव्याशा वाटल्या, यात आश्चर्य नाही. मराठी वाचकाला त्याची आणखी एक ओळख आहे : फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा जमिनीवरून चालून गेलेल्या इंग्रज तुकडीचा प्रमुख क्लाइव्हच होता. १७७४ मध्ये तो मरण पावला आणि ड्रेटनजवळच्या मोर्टन से येथील चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले.

गावाची दुसरी ख्याती आल्याच्या खुसखुशीत जिंजरब्रेडची. ते पोर्ट वाइनमध्ये बुडवून खाण्याची येथील रीत आहे. गावात ते बनवले जात असल्याची नोंद १७९३ पासूनची सांगतात. आल्याची गोडी क्लाइव्हने गावाला लावली, हा समज गोड असला तरी पटण्यासारखा नाही, कारण सुंठ इंग्लंडमध्ये त्याच्या कित्येक शतके आधीपासून येत होती.

१८३५ मध्ये अभियंता टेलफर्डने आखलेला कालवा गावाजवळून सुरू झाला आणि १८६३ मध्ये नँटविचकडून रेल्वे आली. शेतमाल व जनावरे दूरवर पाठवण्याची सोय झाली, तरी ड्रेटन कारखान्यांचे शहर बनले नाही. पुरी शंभर वर्षे धावून १९६३ मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या. माल वाहणाऱ्या नौकांच्या त्या कालव्यावर आता सुटीवर आलेल्यांच्या अरुंद बोटी फिरतात, आणि बुधवारी गावातील रस्त्यांवर दुकाने मांडली जातात.