सीडीची नाजूक बाजू कोणती?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून दोन सीडी खाली आल्या. एक चुलतभावाच्या लग्नाची, वर नवरा-नवरीचा फोटो छापलेला गोल कागद चिकटवलेली. दुसरी जुन्या नाट्यगीतांची. ती पाकिटात हलू नये म्हणून कुणीतरी चिकटपट्टीने पुठ्ठ्याला डकवली होती. पट्टी केव्हाच गळून पडली होती, पण चकचकीत बाजूवर तपकिरी चिकट पट्टा तसाच होता.

मी नेलपॉलिश रिमूव्हर काढला. डिंक गेला, पण त्याखालचं प्लास्टिक दुधाळ झालं.

सीडी पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. त्यातले लांबलचक रेणू साच्यात घाईने थंड होतात आणि ताणलेल्या अवस्थेतच गोठतात. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन त्यांच्यामध्ये शिरलं की रेणू सैल पडतात, अडकलेला ताण मोकळा होतो आणि बारीक बारीक चिरा पडतात. दुधाळपणा असा प्लास्टिकच्या आतच असतो, म्हणून तो पुसून जात नाही. थिनरचंही तेच. घरोघरी डाग काढायला रॉकेल वापरतात, पण ताणलेल्या प्लास्टिकवर ते न वापरलेलंच बरं.

मग डिंक काढायचा कसा? जुन्या चिकटपट्ट्यांचा डिंक बहुधा रबराचा. हवेतल्या ऑक्सिजनने तो वर्षानुवर्षं कुजतो, पिवळा पडतो, आधी तेलकट आणि मग कडक होतो. रबर तेलात फुगतं, पाण्यात नाही. नुसतं पाणी लावून घासत बसण्यात अर्थ नसतो तो यामुळे. खोबरेल तेलाचा एक थेंब डागावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की डिंकाची पकड सुटते आणि तो बोटाने वळवून गोळी होऊन निघतो. उरलेलं तेल भांड्याच्या साबणाच्या पातळ पाण्याने धुवायचं. शेवटी मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ सुती कापडावर घेऊन हलका हात फिरवायचा. पॉलीकार्बोनेटला ते सहसा इजा करत नाही. (सॅनिटायझरची जेल मात्र नको, तिचाच एक नवा थर बसतो.)

पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. आपला हात सवयीने गोल फिरतो आणि तिथेच घोटाळा होतो. सीडीवरची माहिती एकाच सर्पिल रेषेत असते. ती उलगडली तर पाचेक किलोमीटर भरेल. दोन वळणांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या रेषेला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक वळणाचा जरासा तुकडा खातो आणि तो हिशेबाने भरून काढण्याची सोय सीडीतच असते. गोल ओरखडा मात्र रेषेच्या बाजूने धावतो आणि सलग मोठा भाग गिळतो.

तरीही चकचकीत बाजू तशी काटकच. सीडी वाचणाऱ्या लेसरचा ठिपका तिच्या पृष्ठभागावर जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो. 1.2 मिलिमीटर जाडीतून आत जाताना तो आवळत जातो, त्यामुळे पृष्ठभागावरची धूळ किंवा पुसट डाग त्याला धूसरच दिसतो.

खरी गोम वरच्या, छापील बाजूला. माहितीचे खड्डे प्लास्टिकच्या वरच्या अंगाला असतात. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, जेमतेम 50 ते 100 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. त्यावर काही मायक्रोमीटर लाखेसारखा लेप, मग छपाई. आपण चकचकीत बाजू जपतो आणि सीडी छापील बाजूवर पालथी टेकवतो. धोका नेमका तिथेच. या बाजूचा स्टिकर ओढला आणि डिंकाची पकड लेपाच्या पकडीहून जास्त निघाली, तर स्टिकरसोबत लेप आणि धातूही उचलून येतो. सीडी उजेडासमोर धरली की आरपार खिडकी दिसते. तिथली माहिती कायमची गेली. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीत धातूखाली रंगाचा थरही असतो, आणि अल्कोहोल लेपाखाली झिरपलं तर तोही बिघडतो.

डीव्हीडीत ही भीती कमी, कारण 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये माहिती दडलेली असते. ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या चकतीमध्ये उलट, माहिती चकचकीत पृष्ठभागाच्या अवघी 0.1 मिलिमीटर खाली. म्हणून तिला वरून कडक लेप देतात.

लग्नाच्या सीडीवरच्या कागदाचं टोक एका बाजूने उचललेलं होतं आणि बायको म्हणत होती, काढून टाका एकदाचा. पण अर्धवट फाटलेला कागद सगळ्यात वाईट: संगणकातला वेगवान ड्राइव्ह मिनिटाला 10,000 च्या आसपास फेरे घेतो, एकीकडचं वजन कमी झालं की सीडी थरथरते. गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये तर कागद आतच अडकून बसतो. मी टोक बोटाने दाबून बसवलं, ड्राइव्हचा वेग सर्वांत कमी ठेवला आणि सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तेवढ्यातही सप्तपदीच्या वेळी ड्राइव्ह दोनदा घरघरला.